स्टॅनची सही

नोव्हेंबरात लॉरेन हुडाकचा साहेब चारशे मतांनी पडला आणि त्याच निवडणुकीत वॉशिंग्टनच्या सभागृहातलं बहुमतही समोरच्या पक्षाकडे गेलं. टीव्हीवर जागांची गणितं चालली होती. लॉरेनला त्याचं काय? बावीस वर्षं ती खासदाराच्या गावातल्या कचेरीत लोकांची सरकारदरबारी अडलेली कामं सोडवत होती. तीन जानेवारीला दुपारी बारा वाजता कचेरीला कुलूप लागणार होतं. फाइल नव्या खासदाराकडे आपोआप जात नाही. त्याच्या नावाच्या संमतीच्या कागदावर, ज्याचं काम त्या माणसाची सही लागते. नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यांनी सह्या दिल्या. राहिला एकटा स्टॅन विटको. त्याचा एक पाय व्हिएतनामात गेलेला. नव्या कृत्रिम पायाचा अर्ज दोन वर्षं फिरून आता कुठे मंजुरीला टेकला होता. लॉरेन कागद घेऊन त्याच्या घरी गेली.

"त्या बोक्याच्या कागदावर सही? मी जन्मात त्यांच्या पक्षाला मत दिलेलं नाही."

"मत कोण मागतंय, स्टॅन? सही कर."

"माझ्या अंगणात तुझ्या साहेबाच्या प्रचाराची पाटी अजून उभी आहे."

"पाहिली. बर्फातसुद्धा तुझ्यापेक्षा धड उभी आहे."

स्टॅन हसला, पण पेन काही उचललं नाही. मग हळूच म्हणाला, "तू नसलीस तर तिथे माझं ऐकणार कोण?"

तर हे होतं. पक्षबिक्ष सगळं वरवरचं. नव्या खासदाराच्या कचेरीची पायरी चढायची नाही, अशी शपथ लॉरेननेही घेतली होती. तिने शपथ गिळली. "चल, कोट घाल."

नव्या कचेरीत खोक्यांच्या ढिगात केंड्रा नावाची विशीतली मुलगी बसली होती. लॉरेनने नमस्कारचमत्कार केलाच नाही.

"याला डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोल. कृत्रिम पायांच्या विभागाला मंगळवारी सकाळी फोन कर. 'कळवतो' म्हणाले तर फोन ठेवायचा नाही."

केंड्राने सगळं उतरवून घेतलं, मग खुर्ची उचलून स्टॅनच्या उजव्या बाजूला येऊन बसली.

स्टॅनने तिला निरखलं. "अंगणातली पाटी काढायला लावशील?"

"छे! पाय बसला की तुमचे तुम्हीच चालत जाऊन काढा."

"जीभ आहे हिला," स्टॅन म्हणाला आणि त्याने सही केली.

लॉरेन दारापर्यंत गेली आणि वळली.

"मंगळवारी फोन. आठच्या ठोक्याला."