जाईचा टर्न

डिलाईल रोडवर कॅरममध्ये मला हरवणारं माणूस एकच, माझी धाकटी बहीण जाई. दुसरं कोणी सांगत असेल तर थापा मारतंय. आणि तिला शिकवलं कोणी? मीच. सातवी नापास माणसाने.

तिच्या छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. आजार गेला, पण सहा महिन्यांनी उजवा हात सुजला. बोटं अशी जाड झाली की स्ट्रायकर मारता येईना. दीड वर्षं बोर्ड भिंतीला टेकलेला. दर रविवारी मी त्याला फडका मारायचो आणि जाई तोंड फिरवायची.

म्हटलं, मालिश करतो. कबड्डीच्या अख्ख्या टीमचे पाय चोळलेत मी. गरम तेल घेतलं, लावला जोर. तीन दिवसांत हात आणखी फुगला.

फिजिओथेरपीच्या संघमित्रा मॅडमनी मला झापलं. "काका, काखेतल्या गाठी काढल्यामुळे पाणी कातडीखालीच साचलंय. नुसती कातडी सरकेल इतकाच हात फिरवायचा."

मला जमेना. शेवटी जाईच म्हणाली, "दादा, बोर्डावर पावडर पसरतोस ना, तसा फिरव."

मग जमलं. मला काय जमत नाय? रोज सकाळी वीस मिनिटं. मग बोटांपासून काखेपर्यंत पट्ट्या, आणि त्या बांधूनच मूठ उघड-मीट. सुजलेला हात घेराला दुसऱ्यापेक्षा पाच सेंटीमीटर जास्त भरायचा. सहा आठवड्यांनी मॅडमनी टेप लावली, फरक दोनवर आलेला.

"उरलेली सूज पण जाईल ना?" मी विचारलं.

"थोडी राहणार, काका. घट्ट बाही रोज घालायची. सोडली की परत चढेल."

परवा रविवारी मी फडका घेतला तर जाई म्हणाली, "पुसत काय बसलायस? मांड की."

तिचा पहिला स्ट्रायकर अर्ध्यात थांबला. दुसरा सोंगटीला नुसता शिवला. तिसऱ्याला काळी पॉकेटच्या तोंडाशी गेली. मग माझी पाळी, राणी समोर सरळ होती. मी चुकलो.

"मुद्दाम सोडलीस?"

"मी? जन्मात नाय."

"खोटारड्या! असं जिंकायचं नाय मला." तिने हात उशीवर उंच ठेवला. "दुखतोय. बोर्ड उचलू नको."

तेव्हापासून बोर्ड खोलीच्या मधोमध आहे. जेवायला आम्ही भिंतीला चिकटून बसतो. सोंगट्यांना कोणाला हात लावू देत नाय मी. तिने मला खरंखुरं हरवून किती दिवस झाले.

टर्न तिचा आहे.