तुमची नेते, माझी ठेवते

सुधा जाण्याच्या आधीच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. देवासच्या टेकडीमागच्या घरात, पुढच्या खोलीत खाटेवर बसून ती मटार सोलत होती. डॉक्टरांनी जिना चढू नका, मैदानावर जाऊ नका असं सांगितल्यापासून तिला हाताला काम लागायचं. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मान वर न करता ती म्हणाली, "मुक्ताला माझा राग असेल का गं?" मुक्ता तिची एकुलती एक मुलगी, पुण्याला नोकरी करते. मी म्हटलं, "तूच विचार की तिला." "मला नाही विचारवत. तू विचार आणि मला सांग." मी बरं म्हटलं. मुक्ता रविवारी यायची होती... सुधा शनिवारी सकाळी गेली. आज दीड महिना होईल. तिचा प्रश्न माझ्याकडेच राहिला आणि म्हणूनच हे लिहायला बसले.

मुलींच्या सरकारी शाळेत ती खेळ शिकवायची, मी संस्कृत. दोघीही देवासच्या जुन्या मराठी घरांतल्या. म्हणजे आजोबा संस्थानात कारकून आणि नातवंडांना त्याचा उगाच ताठा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमची दोघींची बदली धार जिल्ह्यातल्या मनावर या गावी झाली, तेव्हा मी आठ दिवस रडले आणि सुधाने आठ दिवसांत शाळेमागची बाभळीची झुडपं तोडून कबड्डीचं मैदान आखलं. तिथली काळी माती पाणी पडलं की पायाला धरते आणि वाळली की भेगाळते. म्हणून नदीकाठची पिवळी माती आणवून, चाळून, शेण कालवून तिने मुलींकडून ती चोपून घेतली. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या मैदानावर अनवाणी पाय टाकला की बरं वाटायचं, एवढं मी कबूल करते.

शालेय कबड्डीची ती शिडी तिनेच मला समजावली. आधी तहसील, मग जिल्हा, संभाग म्हणजे विभाग, राज्य आणि सगळ्यात वर राष्ट्रीय शालेय स्पर्धा. दर हिवाळ्यात वेगळ्या राज्यात, वेगळ्या गावात. मुलांचा संघ पूर्वीपासून जात होता. मुलींचा संघ मात्र कागदावर बाराचा असायचा आणि स्टेशनवर सात-आठ जणी यायच्या, कारण निवड झालेल्या मुलींना घरचे सोडत नसत. सुधाची सगळी लढाई या गळणाऱ्या चार-पाच जणींसाठी होती. हरलो तर चालेल, पण जिची निवड झाली ती गाडीत बसलीच पाहिजे, असं ती म्हणायची.

कमला ही तिची पहिली खरी चढाईपटू. तिचे वडील गुलाबजी कपाशीचे शेतकरी, सरळ माणूस. कमलाची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली आणि आम्ही दोघी परवानगी मागायला त्यांच्या ओसरीवर गेलो. त्यांनी चहा दिला, मुलीचं कौतुक ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "बेनजी, एक बात पूछूँ? आपकी भी तो छोरी है। आप उसको इत्ते दिन किसी अनजान के घर छोड़ दोगी?" सुधाने कप खाली ठेवला आणि उठली. मला वाटलं, कमला काही येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सहा वर्षांच्या मुक्ताचा हात धरून त्याच ओसरीवर हजर. सोबत कपड्यांची पिशवी. "तुमची नेते, माझी ठेवते," ती त्यांना हिंदीत म्हणाली. "आपकी लौटाऊँगी, तब अपनी ले जाऊँगी।" कमलाची आई, जिला सगळं गाव बा म्हणायचं, तिने पुढे होऊन मुक्ताला उचललं आणि आत नेलं. कमला गाडीत बसली.

मी सुधाला तोंडावर सांगितलं की हा अतिरेक आहे. तिचा नवरा अनंतराव देवासच्या कारखान्यात पाळीवर, तो घरी मुलीला सांभाळू शकत होता. तोही म्हणाला होता, "सुधा, मुलगी दोघांची आहे. आणि तिला तरी विचारायचंस." सुधाचं म्हणणं एकच, "मी जे मागते ते आधी द्यायला नको?" पुढे तो रिवाजच पडला. दर हिवाळ्यात जे घर सगळ्यात जास्त अडून बसे, त्या घरी मुक्ताचा मुक्काम. पुढे आमची बदली देवास जिल्ह्यात झाली आणि पीपलरावां गावातल्या एका घराने तर परवानगी आनंदाने देऊनही भांडण काढलं, की आमच्याकडे छोरी का नाही ठेवली, आम्ही काय कमी आहोत? मुक्ता तिथेही राहिली. तिची माळवी बोली आमच्यापेक्षा चांगली आणि मराठी मात्र तिच्या आत्याबाईंनी नाक मुरडावं अशी झाली.

मनावरला असताना एका वर्षी संघाबरोबर जायला दुसरी बाई मिळेना, म्हणून मॅनेजर म्हणून मला पकडलं. शाळेच्या वर्गात गवत अंथरून त्यावर सतरंज्या, तसा आमचा मुक्काम. नळाचं पाणी बर्फ. मुलींच्या गुडघ्यांना हळद लावता लावता माझी बोटं पिवळी झाली. आता माळव्यातल्या आम्हा मराठी लोकांची एक खोड सांगते. बाजारात भाव करताना, पाहुण्यांसमोर, जिथे म्हणून दुसऱ्याला कळू द्यायचं नाही तिथे आम्ही मराठीत बोलतो. सुधाने आपल्या हिंदी-निमाडी बोलणाऱ्या मुलींनाही तेवढी मराठी शिकवून ठेवली होती. डावीकडची धर, सोड, मागे ये. उत्तरेकडच्या सगळ्या संघांसमोर ही युक्ती झकास चालली. पुढचा सामना महाराष्ट्राशी. सुधा अशी रंगली होती की कडेवरून ओरडली, "कमले, डावीकडची दमली आहे, तिला ओढ." डावीकडची मुलगी वळून म्हणाली, "मी नाही दमले बाई." सगळं मैदान हसलं, आमची कमलाही हसली आणि हसताना पकडली गेली. आम्ही हरलो. त्यांच्या बाईंनी नंतर चहाला बोलावून विचारलं, "मूळ गाव कोणतं तुमचं?" सुधा म्हणाली, "देवास." "नाही, मूळ?" "मूळही देवासच." बाईंना ते काही पटलं नाही.

त्याच मुक्कामातली एक संध्याकाळ माझ्या मनातून जात नाही. मुली एसटीडीच्या दुकानात रांग लावून घरी फोन करत होत्या. कमलाच्या घराशेजारच्या किराणा दुकानात फोन होता आणि त्या वर्षी मुक्ता त्यांच्याकडेच होती. बोलता बोलता ती वळली, "बेनजी, मुक्ता वहीं फोन के पास खड़ी है। बात करोगी?" सुधाने मान हलवली. नाही म्हणाली. "पूछ ले, खाना ठीक से खाती है क्या," एवढंच. बाहेर आल्यावर मी चिडले. ती म्हणाली, "मी बोलले तर ती रडेल. ती रडली तर बाला वाटेल, आपण कमी पडलो. मग पुढच्या वर्षी कमलाला सोडतील?" आणि पदराने नाक पुसून मुलींना मोजायला लागली... मला तेव्हा तिचा राग आला होता. आता तिची दया येते, आणि मुक्ताचीही.

दोन हजार साल उलटल्यावर स्पर्धा बदलत गेली. मातीच्या जागी मॅट आली, अनवाणी पायांना बूट मिळाले, मुलींच्या पाठीवर राज्याचं नाव छापलेले ट्रॅकसूट आले. प्रत्येकीच्या बापाच्या खिशात मोबाईल. आता आईबाप स्वतःच मुलींना स्टेशनवर पोचवायचे आणि बाराच्या बारा जणी गाडीत असायच्या. कमलाची धाकटी बहीण अशीच गेली, कुणी हूं का चूं केलं नाही. सुधा मला म्हणाली, "आता माझी गरज नाही, बरं झालं." ती खरोखर खूश होती. पण तोवर मुक्ता कॉलेजात गेली होती, कबड्डीच्या मैदानाकडे फिरकत नव्हती आणि सुट्टीत घरी येण्याऐवजी कधीकधी परस्पर मनावरला जायची. सुधा विचारायची नाही, मुक्ता सांगायची नाही. अनंतराव गेल्यावर तर दोघी एकमेकींशी फारच जपून बोलायला लागल्या.

तेराव्याला घर भरून गेलं. मनावरहून, पीपलरावां गावाहून सुधाच्या जुन्या खेळाडू बाया आल्या. कुणी आता स्वतः शिक्षिका, कुणी पोलिसात, कुणाच्या कडेवर मूल. कमला आली, आणि तिच्या आधाराने पाठीत वाकलेली बा. स्वयंपाकघरात भांडी विसळताना मी मुक्ताला एकटीला गाठलं आणि सुधाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तिने पातेलं पालथं घातलं. "राग आहे ना मावशी. का नसणार? आई न्यायला यायची तेव्हा आधी त्यांची मुलगी त्यांच्या हातात द्यायची, मग मला जवळ घ्यायची. दर वेळी. तेवढ्या वेळात मी तिथेच उभी असायची." मग ती आजची पोर, पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "इतक्या घरांनी मला आया दिल्या. पण रागावले मी फक्त हिच्यावर. दुसऱ्या कुणावर रागवावंसंच वाटलं नाही कधी." हे उत्तर सुधाला सांगता आलं असतं तर तिला काय वाटलं असतं? मला वाटतं, बरंच वाटलं असतं.

दुपारी निघताना बा मुक्ताचा हात सोडेना. "चाल बेटा, थोड़ा दिन अपणा घर चाल." मुक्ताने काही आढेवेढे घेतले नाहीत. आत जाऊन चार कपडे पिशवीत भरले, घराची किल्ली माझ्या हातात दिली. दाराशी मनावरची जीप सुरू झाली तरी ती पायरीवरच उभी होती, आतल्या खाटेकडे बघत.

"मावशी," ती म्हणाली, "दर वेळी आई सांगून जायची, किती दिवस राहायचं ते. या वेळी काहीच सांगितलं नाही तिने."

आणि बाचा हात धरून जीपमध्ये बसली.