मास्तरांनी मोठ्याने सांगितलेली कंबर

शिंपीमास्तरांच्या दुकानात कंबर दोनदा मोजली जाई. एकदा गिऱ्हाइकासाठी, एकदा कापडासाठी. टेप पोटाभोवती फिरली की मास्तर चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता खणखणीत आवाजात म्हणत, "छत्तीस!" आणि खडूने कापडाच्या उलट्या बाजूला एकोणचाळीस लिहीत. छत्तिसाच्या आनंदात गिऱ्हाईक रोखलेला श्वास सोडी, तेव्हा एकोणचाळिसाचे गुपचूप चाळीस होत. खोटं बोलणारे पुष्कळ असतात, पण इतकं मापात बोलणारे थोडे.

मास्तरांचं स्वतःचं पोट मात्र त्यांच्या आधी दुकानात शिरे. बायकोने त्यांचं गोड बंद केलं, तळलेलं बंद केलं आणि केलेलं वाया जाऊ नये म्हणून ते स्वतः संपवलं. "हार्टचं दुखणं पुरुषांचं," हे तिचं ठाम मत. "माझे दहा वर्षांपूर्वीचे ड्रेस मला अजून बसतात. तुमची एक तरी पँट बसते का?"

ड्रेस बसत, कारण मास्तर ते अधूनमधून कपाटातून पळवत, शिवणीच्या आत राखलेली जादा कापडाची माया थोडी सोडत आणि इस्त्री करून परत टांगत. माया संपली तेव्हा दोन्ही बाजूंना त्याच रंगाच्या पट्ट्या आल्या. घरात शांतता हवी असली की माणूस एवढं करतोच.

मग ती जिन्यात मध्येच थांबू लागली. चढताना जबडा दुखतो म्हणाली. दातांच्या डॉक्टरांनी तपासलं. दात उत्तम निघाले. मास्तर स्वतःचं प्रेशर दाखवायला गेले असता डॉक्टरीणबाईंना हे सहज बोलून गेले. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"त्यांना आजच घेऊन या."

"अहो, पण पोट माझं सुटलंय!"

"तुमचंही बघू. पण बायकांना कंबरेत पुरुषांपेक्षा कमी सवलत असते, मास्तर. पाळी गेल्यावर तर आणखी कमी. त्यात साखर, प्रेशर आणि रक्तातली चरबी एकत्र आली की हृदयाचं काही खरं नाही. आणि ते दरवेळी छातीतच दुखतं असं नाही. कधी जबडा दुखतो, कधी नुसती धाप लागते."

मास्तर धावत घरी आले. बायको जागची हलेना.

"काहीतरीच तुमचं! कंबर वाढली असती तर ड्रेसने सांगितलं नसतं?"

ड्रेसचं तोंड कुणी शिवलं होतं, हे एकट्या मास्तरांना माहीत. त्यांनी गळ्यातली टेप काढली.

"हात वर कर."

"आता हे काय नवीन?"

टेप फिरली. जन्मात पहिल्यांदा मास्तरांनी खरा आकडा मोठ्याने सांगितला. "एक्केचाळीस."

"टेप उलटी धरलीत."

"सुलटीच आहे."

"मग हा ड्रेस कसा बसला?"

मास्तरांनी शिवणीवर बोट ठेवलं. तिने पट्टी पाहिली, पट्टीशेजारी उसवलेल्या टाक्यांच्या जुन्या रेघा पाहिल्या.

"असे किती केलेत?"

"सगळे."

"लबाड कुठले!"

"लबाड तर लबाड. पण चल."

ती गेली. तब्येतीसाठी नव्हे, नवऱ्याची तक्रार करायला. तक्रार लांबलचक होती. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तिचं प्रेशर घेतलं, रक्त काढून घेतलं, हृदयाचा आलेखही काढला. पुढे आणखी तपासण्या झाल्या. हृदयाने अजून दगा दिला नव्हता, पण मनात आणलं होतं. गोळ्या सुरू झाल्या. न्याय सारखा हवा म्हणून बाईंनी मास्तरांच्या पोटालाही टेप लावली.

"छत्तीस!" मास्तर सवयीने ओरडले.

"चव्वेचाळीस," बाई म्हणाल्या.

मग दोघांनाही रोज चालायचा हुकूम झाला. वेग कसा ओळखायचा तेही बाईंनी सांगितलं: बोलता यावं, पण गाता येऊ नये. आता संध्याकाळी बायको पुढे चालते आणि मास्तर मागून धापा टाकत येतात. तिने अबोला धरलाय, त्यामुळे वेग बरोबर आहे की नाही हे त्यांना अजून कळलेलं नाही.