एमाच्या घराण्याच्या चार चुली

वासुदेवराव आणि मी पवनीच्या तहसील कचेरीत, रेकॉर्ड रूममध्ये, चौदा वर्षं शेजारी बसलो. तिथल्या धुळीनं मला शिंका यायच्या, त्यांना आनंद व्हायचा. जात पडताळणीसाठी कुणी पणजोबांचा पुरावा शोधत आला, की हे गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींची जुनी कोतवाल बुकं खाली उतरवत आणि स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीबरोबर माझीही खात. निवृत्तीनंतर तरी माणूस गप्प बसेल असं मला वाटलं होतं. माझं चुकलं.

त्यांचा मुलगा भुपेंद्र इंग्लंडात नोकरीला, सून एमा तिथलीच. तिला दिवस गेल्याचं कळताच वासुदेवरावांनी येणाऱ्या बाळाची वंशावळ लिहायला घेतली. बापाकडच्या आठ पिढ्या झरझर उतरल्या. एमाचे आईवडील मात्र ती लहान असतानाच गेले होते, आजीनं तिला वाढवलेलं. त्या आजीच्या वहीत नावं होती, खूप मागे जाणारी, पण राल्फ थॉर्नली या माणसापाशी येऊन थांबलेली. त्याच्या नावासमोर लिहिलं होतं, रस्त्यावर सापडलेलं पोर, आईबाप ठाऊक नाहीत.

"आमचं घराणं रस्त्यावरूनच सुरू होतं, बाबा," एमा व्हिडिओवर हसत म्हणाली. वासुदेवरावांच्या पत्नी ललिताबाईंना ते हसू काही बरं दिसलं नाही. फोन ठेवल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "साऱ्या तालुक्याचे आजे शोधले तुमी. आता सुनेचा काहून नाई शोधत?"

झालं. एमानं तिथल्या अभिलेखागारातून जुन्या कागदांच्या प्रती मिळवायच्या, टाईप करून पाठवायच्या आणि वासुदेवरावांनी डिक्शनरी मांडीवर घेऊन त्या वाचायच्या. मला रोज संध्याकाळी चहाचं बोलावणं यायचं. चहा हा बहाणा होता, हे सांगायला नको.

पहिली आली ती करवसुलीची यादी. साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे घरातल्या चुली मोजून कर घेत. वासुदेवरावांनी तिला चूलपट्टी म्हणून टाकलं. राल्फच्या गावात त्या आडनावाचं एकच घर निघालं, विल्यम थॉर्नलीचं, चुली चार. विल्यमचं मृत्युपत्र एमानं आधीच पाहिलं होतं. त्यात दोन मुली होत्या, राल्फचा पत्ता नव्हता.

वासुदेवराव मात्र ताठ बसले. "एका घरात चार चुली, म्हंजे चार भाऊ वेगळे निघाले. वेगळा निघालेला भाऊ का गावातच राह्यते? आजूबाजूच्या गावातले सारे थॉर्नली पाठव म्हना तिले."

मी म्हटलं, साहेबलोकांत असं नसेल. ते म्हणाले, "भाऊ इकडचे असो का तिकडचे, भांडतेतच."

एमानं बिचारीनं सात गावांतली मृत्युपत्रं काढली. महिनाभर रोज एक थॉर्नली यायचा, गाई वाटायचा, मेंढ्या वाटायचा, राल्फला ओळख द्यायचा नाही. वासुदेवरावांचं जेवण कमी झालं. ललिताबाई माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू राल्फला मीच लपवून ठेवलंय.

मग एका रविवारी दुपारी फोन आला. एमा रडत होती आणि भुपेंद्र मराठीत सांगत होता. पलीकडच्या गावातल्या ॲग्नेस थॉर्नली या विधवेचं मृत्युपत्र सापडलं होतं. "माझा दिवंगत मुलगा जॉन, त्याचा मुलगा राल्फ, ज्याला मी तान्हेपणापासून वाढवलं, त्याला माझं पितळेचं मोठं भांडं, माझं अंथरूण आणि लाल गाय."

राल्फ रस्त्यावर सापडलेला नव्हता. आजीनं वाढवलेला होता. एमा म्हणाली, "माझ्यासारखाच." मला सांगायला लाज नाही, मी डोळे पुसले. ललिताबाईंनी फोनसमोरच कडाकडा बोटं मोडून तिची दृष्ट काढली.

नंतर एमानं हळूच सांगितलं की त्या देशात थंडीसाठी खोलीखोलीत चूल असायची. विल्यमच्या घरात कुणी वेगळं निघालेलं नव्हतं, तो नुसता पैसेवाला होता. वासुदेवराव गोरेमोरे झाले. मी आठवडाभर त्यांना चारही भावांची खुशाली विचारत होतो.

शेवटी वंशावळ पुरी करायला बसले. आमच्याकडे वंशावळ म्हणजे बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. वासुदेवरावांनी जन्मभर तशाच लिहिल्या होत्या. एमाच्या बाजूला मात्र सगळ्यात वर त्यांनी ॲग्नेस लिहिलं. ललिताबाई चष्मा लावून वाचत होत्या.

"चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "अन् तुमच्या आठ पिढ्या का बायकांशिवायच झाल्या?"

वासुदेवरावांना हसू फुटलं. त्यांनी ललिता लिहिलं, आईचं मालन लिहिलं आणि पेन थांबलं. आपल्याच आजीचं नाव त्यांना येईना. घरात तिला सगळे बुढीच म्हणत. त्यांनी चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चाला आसगावले. आत्याबाईले पुसू."

आनंदाबाई, त्यांची आत्या, नव्वदीपार. अंगणात खाटेवर बसली होती. प्रश्न तिला दोनदा ओरडून विचारावा लागला.

"माह्या मायचं नाव?" ती म्हणाली. "आजपर्यंत कोनी पुसलंच नाई, बापा. सुंदर. सुंदरबाई."

वासुदेवरावांनी तिथंच खाटेवर कागद पसरून ते लिहिलं. आत्याबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं ते नाव नेमकं कुठं लिहिलंय ते विचारून घेतलं आणि त्यावर बोट ठेवून बसली.