एका नंबरावर अकरा घरांचं दूध

मैत्रिणींनो, गगनबावड्याच्या वाटेवरची आमची वाडी. आज सकाळी डेअरीचे सुपरवायझर सांगायला आले, "मावशी, उद्यापासून दुधाची गाडी येणार न्हाय. कॉम्प्युटरवर इथं एकच सभासद दिसतोय, म्हणून वरनं ठरलंय."

शेजारची आक्का कडाडली, "पावणं, अकरा घरं दूध घालतोय की! आता ओढ्यात ओतायचं काय?"

चूक आमचीच होती. माझे मालक गेल्यावर एका म्हशीच्या थोड्या दुधावर त्यांचा डेअरीतला सभासद नंबर टिकला नसता. म्हणून वाडीतल्या साऱ्याजणी त्याच नंबरावर दूध घालत राहिल्या. ती माया कॉम्प्युटरला कशी दिसणार?

तो नंबर बंद करायच्या अर्जावर मी सही केली. माझ्यासकट अकरा जणींनी नव्या नंबरांसाठी आपापली नावं दिली, तेव्हा गाडी वाचली.

उद्या नंबर विचारला की माझ्या तोंडून मालकांचाच निघेल. तुमचं होतं का असं?