दुसरबीडातल्या रेगेच्या तबकड्या

दुसरबीडात राहून रेगेच्या तबकड्या जमवणाऱ्या माणसाकडं तबकड्या कमी जमतात आणि किस्से जास्त. तबकड्यांना निदान कपाट आहे. किस्से कुठं ठेवायचे? घरी कुणी आलं, चहा टाकला, की बायको म्हणते, "त्यायले ते संग्रामपूरचं सांगा." म्हणजे आपली फजिती आपणच वाढायची.

माझं बसस्टँडजवळ कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. रेगेची गाठ पडली ती अकोल्याला शेतकी शिकताना. होस्टेलात माझ्या खोलीत दावित नावाचा इथिओपियाचा पोरगा होता. त्याच्याकडं एक रेकॉर्ड प्लेयर आणि जमैका बेटावरच्या या संगीताच्या काही तबकड्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, मशीन बिघडलं. ढोल जिथं पडायला पाहिजे तिथं पडत नाही आणि गिटार भलत्याच जागी टुचकन वाजते. पुढं पुढं मला दुसरं काही गोड लागेना. मायदेशी जाताना तो सगळं मलाच देऊन गेला आणि डोक्याला कायमचा ताप लावून गेला.

इथं साथीदार दोनच. सलीमभाई, मंडप-लाऊडस्पीकरवाला. माझं जुनं मशीन त्याच्यामुळंच जिवंत आहे. आणि प्रल्हाद, शाळेपासूनचा दोस्त, कापूसवाला शेतकरी. रविवारी दुपारी दुकान बंद केलं की आम्ही तिघं माझ्या माडीवर बसतो.

*

पहिला त्रास नावाचा. मुंबईतल्या एका जुन्या मालाच्या दुकानदाराला सांगून ठेवलं होतं, की रेगे दिसलं की पाठव. त्या शहाण्यानं पार्सलवर माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'रेगे'. कुरिअरवाला गावभर विचारत फिरला, "रेगे कोन हायेत?" संध्याकाळपर्यंत गावात बातमी, की कृषी खात्याचे नवे साहेब आले, रेगे आडनावाचे, कोकणातले, आणि विजूभाऊच्या, म्हणजे माझ्या, माडीवर उतरले.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारबा दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. "साहेब उठले का?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. रेगे हा माणूस नाही, गाण्याचा प्रकार आहे. तबकडी काढून दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, परत दिली आणि म्हणाले, "बरं, गानं तर गानं. पन त्यायले सांगा, माह्या वावराचा पंचनामा राह्यला."

*

दुसरा त्रास मोबाईलचा. जो येतो तो म्हणतो, "हे तर मोबाईलवर फुकट भेटते ना." जसं काही मला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझा साळा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीला आला तो एक डबीएवढा स्पीकर घेऊन. "भाऊजी, तुमचं अख्खं कपाट यात मावतं. जगातलं कुठलंही रेगे सांगा." सलीमभाई आणि प्रल्हादही मुद्दाम आले होते. मी एक अशी तबकडी सांगितली, जी मी कित्येक वर्षं शोधतोय. त्यानं क्षणात लावली. आम्ही तिघांनी डोळे मिटले. गाणारा वरच्या पट्टीत गेला, बासचा खर्ज खाली उतरला, आणि एकदम एक बाई ओरडली, "कपाशीवरील किडींचा कर्दनकाळ! आजच आपल्या जवळच्या कृषी केंद्रात मागा!"

बायको आतून म्हणाली, "दुकान घरी आनू नका म्हनलं होतं मी."

*

आता संग्रामपूरचं. तिकडच्या एका ओळखीच्या दुकानदाराला बोलून ठेवलं होतं, की जुन्या डिस्क कुणाकडं असतील तर कळव. एक दिवस एका शेतकऱ्याचाच फोन आला.

"तुमाले डिस्क पाह्यजे म्हने. आमच्या वडलायच्या काळच्या हायेत. काळ्या पडल्या."

"काळ्याच असतात," मी म्हणालो. "ओरखडे किती आहेत?"

"ओरखडे तर असतीनच ना. वापरलेल्या हायेत."

"वाकलेल्या तर नाहीत?"

"एखादी असन. पन आवाज खणखणीत हाय. वाजवून दाखवतो."

आवाज खणखणीत! एवढ्यावर मी जीप ठरवली. सलीमभाईनं तबकड्या गुंडाळायला मंडपाची मखमल घेतली. प्रल्हाद वेचणीची बायामाणसं टाकून आला, त्यावरून त्याच्या घरी भांडण झालं ते वेगळं. मेहकर, खामगाव, शेगाव करत आख्खा जिल्हा उभा चिरून आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी पोचलो. त्या भल्या माणसानं चहा पाजला, गोठ्यात नेलं आणि पोतं बाजूला केलं. खाली ट्रॅक्टरच्या औताच्या लोखंडी डिस्क, एकीवर एक रचलेल्या. त्यानं एकीवर दगड मारला. आवाज खरंच खणखणीत होता.

माझं तोंड बघून तो म्हणाला, "तुमी कृषी केंद्रवाले. म्हून मले वाटलं, डिस्क म्हंजे डिस्क."

प्रल्हादनं त्यातल्या दोन चांगल्या पाहून घेतल्या. सलीमभाईला तिथंच एका लग्नाच्या मंडपाचं काम भेटलं. रिकाम्या हातानं परतलो तो मी एकटाच.

*

मे महिन्यात आमच्याकडं पत्रा तापला की तबकडीची पोळी होते. एक चांगली तबकडी अशी लाटेसारखी वाकली. सलीमभाई म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. दोन काचांमधी ठेव, वर वजन दे." घरात वजनदार काय, तर म्हशीसाठी आणलेली सरकीची ढेप. चार पोती रचली आणि विसरलो.

पावसाळ्यात काढली तेव्हा तबकडी सरळ झाली होती, नाही असं नाही. पण ढेपीचं तेल तिच्यात असं मुरलं, की कितीही पुसा, वास जात नाही. अजूनही ती गोठ्यावरून नेली की म्हैस दावं ताणून हंबरते. रेगे आवडणारी आमच्या घरातली दुसरी ती.

*

शेजारच्या बीबी गावातल्या एका लग्नात तर हद्द झाली. वधूपित्यानं सलीमभाईला सांगितलं, "पंगतीच्या टायमाले जरा हळू काही लावा, मानसं निवांत जेवतीन." सलीमभाईनं मला न विचारता माझी तबकडी मशीनसकट नेली आणि लावली.

माणसं निवांत जेवायला लागली. फार निवांत. घास तोंडाशी, मान डुलतेय, वरण गार होतंय. एक मामा तर पोळी हातात धरून डोळे मिटून बसले. दुसरी पंगत उन्हात उभी, तिसरी तिच्या मागं. शेवटी आचारी कढईतला झारा घेऊन स्पीकरसमोर आला. "भाऊ, हे बंद करा. मानसं डोलून राह्यली, उठून नाही राह्यली."

सलीमभाईनं ढोलकीचं काहीतरी लावलं. पंगत उठली. माझ्या तबकडीवर मात्र बुंदीचा पाक सांडला होता, आणि सलीमभाई मलाच म्हणतो, "पन लोकायले आवडलं बे."

*

हे सगळं मी हसत सांगतो. मग लोक विचारतात, सगळ्यात भारी किस्सा कोणता? तो हसण्यातला नाही.

बीटीच्या कपाशीला बोंडअळी लागत नाही, या भरवशावर सगळ्यांनी बीटी लावली. मीच विकली. एका वर्षी दिवाळीच्या सुमारास बोंडं वरून हिरवीगार आणि फोडली की आत गुलाबी अळी. लोक पिशवीत बोंडं आणायचे आणि माझ्या काउंटरवर एकेक फोडून ठेवायचे. कंपनीचा माणूस फोन उचलेना. रस्त्यानं जाताना ऐकू यायचं, "इकडं वावर गेलं अन् हा गाने आयकून राह्यला." ऐकत कुठं होतो? प्लेयरवर कापड टाकलं होतं.

प्रल्हादच्या वावरातही माझंच बियाणं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त रविवारी येणं बंद केलं. मी एकदा घरी गेलो. त्याच्या बायकोनं, कमलवहिनींनी, पाण्याचा तांब्या समोर ठेवला आणि त्या आत निघून गेल्या. एरवी चहा झाल्याशिवाय उठू देत नसत.

मग एका सकाळी सलीमभाई आला. "प्रल्हादनं वावरात भोंगे लावाले सांगतले. जनरेटर पन. अन् तुही मशीन मांगतली."

"काऊन?"

"मले काय मालूम. गावातली मानसं बलावली म्हने."

मला वाटलं, सभा आहे. माझ्याच मशीनवरून माझाच उद्धार. तरी मशीन आणि सवयीनं तबकड्यांची पिशवी घेऊन गेलो.

वावरात सभा नव्हती. बांधावर चार लोक उभे होते, तेही भोंगे बघून आलेले. प्रल्हाद, कमलवहिनी आणि पाच-सहा बाया कपाशीची उभी पऱ्हाटी उपटत होत्या. एकेक तास, म्हणजे पऱ्हाटीची एकेक ओळ, धरायचं आणि उपटत पुढं जायचं. बोंडं झाडालाच होती, काळी पडलेली, घट्ट मिटलेली. निंबाखाली टेबल मांडलं होतं. धूळ उडत होती. ज्या तबकड्यांवर धूळ बसू नये म्हणून मी घरात पंखा लावत नाही, त्या तिथं उघड्यावर काढायची माझी हिंमत होईना.

प्रल्हाद घाम पुसत आला. "दावितवाली लाव," एवढंच म्हणाला आणि परत तासाला लागला.

दावितवाली, म्हणजे होस्टेलात पहिल्यांदा ऐकलेली, काढून मी सुई ठेवली. भोंग्यातून बास काळ्या मातीवर पसरला. बांधावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. बायांपैकी एक हसली, दुसरी म्हणाली, "हे काय रडगानं हाय?" थोड्या वेळानं पाहिलं तर पऱ्हाट्या एका ठेक्यात उपटल्या जात होत्या. गिटार टुचकन वाजली की मुळं सुटल्याचा आवाज. सलीमभाई कधी वावरात उतरला, कळलं नाही. बांधावरच्या चौघांतले दोघंही उतरले.

बाजू संपली. सुई आतल्या कडेला खरखरायला लागली. मी ती उचलली, तबकडीवरची माती फुंकली आणि हळूच खोळीत घालायला लागलो.

कमलवहिनींनी कंबर सरळ केली. दिवाळीपासून त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. हातातली पऱ्हाटी ढिगावर टाकत त्यांनी विचारलं, "काऊन बंद केलं, विजूभाऊ? अजून चार तासं बाकी हायेत ना."