चालू एक, बंद दोन

माहं शिक्षण दुसरीपर्यंत झालं असं मी लोकाईले सांगतो. त्यातही थोडं वाढवूनच सांगतो. दुसरीत मी बसलो होतो, पास झालो नव्हतो. आमचे बाबा रायपूरच्या रेल्वे यार्डात डब्ब्याईचे नंबर टिपत. त्याईची दूरची नजर कमी झाली तसे ते मले संग नेऊ लागले. मालगाडी सरकून राहिली की मी नंबर ओरडायचो न ते लिहायचे. डब्ब्यावर अक्षरात काय लिहिलं ते आमी दोघंही सोडून देत होतो. त्यामुळे झालं असं, का आकडे मले चालत्या गाडीवरचेही दिसत, अन् अक्षरं जागेवर उभी असली तरी दिसत नसत. सही येत होती. ते मी चित्र काढल्यासारखी काढत होतो.

बाबा गेल्यावर मी भनपुरीत ट्रकावर हमाली केली. मंग राज्य नवं झालं न रायपूर एकदम राजधानी झाली. राजधानीले ऑफिसं पाहिजेत, ते होती कुठं? एका जुन्या होस्टेलच्या खोल्याईत आमचं ग्रामीण विकासाचं ऑफिस बसवलं. भोपाळहून फायली पोत्यात बांधून आल्या. माणसं मात्र पोत्यात बांधता येत नाहीत, म्हून अर्धी आलीच नाहीत. खुर्च्या रिकाम्या, अन् त्यातच एक दिवस ट्रकभर कम्प्यूटर आले. ते वर चढवायले भनपुरीहून चार हमाल बोलावले, त्यातला एक मी. तिघं मजुरी घेऊन गेले. मी एसी पायला न थांबलो.

आधी पाणी पाजणारा झालो, मंग चहावाला, मंग दैनिक वेतनावरचा चपराशी. कम्प्यूटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे, अन् पहिल्या दिवशी पडद्याले हळदकुंकू लावलं ते किती महिने कोणी पुसायची हिंमत केली नाही. सिलतऱ्याच्या कारखान्याईची काळी धूळ मात्र काही मानत नव्हती, ते रोज खाली बसे. मी रोज पुसत होतो. पुसतापुसता शिकलो.

सिस्टम बनवणारा इंजिनियर नागपूरचा होता, तरुण पोट्टा, माह्यासंग मराठीत बोलायचा. जिल्ह्यातल्या गावागावातून दर महिन्याले एक फॉर्म यायचा. गावाचा नंबर, पाऱ्याचा नंबर, पारा म्हणजे वस्ती, अन् पुढं सगळे प्रश्न. शाळेची खोली झाली का, रस्ता झाला का, या महिन्यात जन्म किती, मृत्यू किती, अन् बोरिंग चालू का बंद. हातानं हापसायच्या पंपाले इकडं बोरिंग म्हणतात. चालू असलं तर एक लिहायचं, बंद असलं तर दोन. हे सगळं कम्प्यूटरमध्ये टाकायले एक टाइपिस्ट ठेवली होती, ते तीन महिन्यात दुसरी नोकरी भेटून गेली. इंजिनियर बिचारा एकटाच टाकून राहिला होता. मी बाजूले चहा ठेवून त्याले नंबर वाचून देऊ लागलो. तो माह्याकडं पाहातच राहिला.

"भाऊ, तुम्हीच बसा की," तो म्हणाला.

"मले कुठं येते?"

"आकडेच तं आहेत. अक्षर एकही टाकायचं नाही."

असा मी ऑपरेटर झालो. माही बोटं अशी चालत का दुसऱ्या जिल्ह्याचे लोक पाहायले येत. मले वाचता येत नाही हे त्या इंजिनियरले माहीत नव्हतं, सायबाले माहीत नव्हतं, अन् माह्या बायकोले लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं होतं. याची एक युक्ती आहे, ते सांगून टाकतो. सारखं हसवत राहायचं. हसवणाऱ्या माणसाले कोणी वाचायले सांगत नाही.

इंजिनियरनं एक बटन करून दिलं होतं. ते दाबलं का मागच्या महिन्याचा आकडा आपोआप त्या खान्यात येऊन बसे. "हे फक्त जे बदलत नाही त्याच्यासाठी," त्यानं सांगतलं. घरं किती, बोरिंग किती, तशा गोष्टींसाठी. मी हव म्हणलं. पण गावाकडचे लोक सगळेच आकडे लिहीत नसत. कोणी खान्यात अक्षरं लिहून पाठवे. खाना रिकामा ठेवला का सिस्टम लाल व्हायची न पुढं सरकत नव्हती. अन् लाल रंगावर सायबाचा मोठा राग. मंग मी काय करायचो? अक्षर दिसलं का ते बटन. माही स्पीड लोकाईले दिसायची, तिच्यातली अर्धी त्या बटनाची होती.

सायब तसा चांगला माणूस. आधी कसं होतं, ज्याची ओळख त्याच्या दारात मिस्तरी जायचा. सरपंचाच्या साळ्याचं बोरिंग सकाळी बिघडलं का दुपारी चालू. सायबानं ते मोडलं. आता मिस्तरी फक्त कम्प्यूटरच्या यादीनं जाईल, तोंडी कोणाचं ऐकायचं नाही. न्याय होता तो. त्या न्यायाच्या तोंडाशी मी बसलो होतो.

चारशे सतरा नंबरच्या गावाचा एक फॉर्म होळीपासून तसाच येऊन राहिला होता. बोरिंगच्या खान्यात आकडा नाही, मोठं मोठं वाकडं काहीतरी काढलेलं, खान्याच्या बाहेर निघालेलं. मले त्याची ओळख झाली होती, जशी रस्त्यावरच्या एखाद्या कुत्र्याची होते. आलं का मी मनात म्हणायचो, आला आपला वाला. न बटन दाबायचो. मागचा आकडा एक. एक म्हणजे चालू.

भर उन्हाळ्यात त्या गावची एक बाई आली. आपल्या पाऱ्याची पंच होती, पन्नाशीची असेल. संग तिची सून, नवीनच लग्न झालेली पोट्टी. बाई दारात चपला काढून आत आली न म्हणाली, "बाबू, हमर पारा के बोरिंग बंद हे."

मी नंबर टाकला, पडद्यावर पायलं. आईच्या वयाच्या बाईले इकडं दाई म्हणतात. "दाई, इहां तो चालू हे."

"बंद हे बाबू. होली के पाछू ले बंद हे."

खोलीत एसी खायले आलेले चारपाच बाबू बसलेच होते. प्रेक्षक असले का मले राहावत नाही. मी म्हणलं, "दाई, कम्प्यूटर झूठ नइ बोलय. तैं बने हापस नइ सकत होबे, थोडकुन बासी खा के हापस."

बासी म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात. सगळे हसले. बाईनं हसू संपू दिलं. मंग म्हणाली, "तोर मशीन मं चालू हे, त इही मशीन ले एक गुंडी पानी हेर के दे दे."

गुंडी म्हणजे हंडा. आता ते बाबू खुर्चीवरून पडायचे राहिले. तिचा जोक माह्यापेक्षा चांगला होता, हे मी तेव्हाही मानलं.

"मैं हर महिना लिख के भेजथंव," ते म्हणाली. "अपन हाथ ले. बहू सिखाय हे मोला."

सून दारापाशी एसीच्या हवेत उभी होती, पदर तोंडाशी धरून हसून राहिली होती. पाचवी शिकलेली. तिनं सासूले संध्याकाळी अक्षरं गिरवायले लावली होती. सासूले आकडेही येत होते, पण जे नवीन शिकलं ते लिहायची हौस होती, म्हून आकड्याच्या जागी अक्षरं.

मी गठ्ठ्यातून चारशे सतराचा फॉर्म काढला. बाईनं त्या वाकड्या चित्रावर बोट ठेवलं. "पढ़ के बता, का लिखाय हे."

मी कागद हातात धरून उभा. जोक आठवेना. वर पायलं त सून माह्याकडं पाहून राहिली होती. आता हसत नव्हती. माहे डोळे कागदावर फिरून नाही राहिले हे तिनं पायलं होतं. ज्यानं नवीन माणसाले शिकवलं असते, त्याले ते लवकर समजते. पण तिनं पदर नीट केला न खाली पायलं.

तेवढ्यात सायब बाहेर आला. "क्या हल्ला है?"

"सर, बोरिंग की शिकायत है," मी म्हणलं.

"सिस्टम में क्या है?"

आता पाहा, इथं मी बोलू शकत होतो. चूक माही आहे, सर, इतकेच शब्द. बाईचं बोट अजून कागदावर होतं. मी म्हणलं, "चालू है, सर."

"तो अगले महीने के फॉर्म में सुधरवा लेना. लिस्ट के बाहर मिस्तरी नहीं जाएगा."

त्या महिन्याची एन्ट्री कुलूप लावून बंद झाली होती. इंजिनियर काम संपवून नागपूरले परत गेला होता, ते उघडायले त्याले फोन करावा लागे. त्याचा नंबर भिताडावर लिहिलेला होता, अन् आकडे मले चांगले वाचता येतात. पण फोन केला असता तर त्यानं विचारलं असतं, भाऊ, तुम्ही एक काहून टाकला? मंग सगळंच निघालं असतं. मंग भनपुरी. मी स्वतःले समजावलं, एक महिन्याचीच गोष्ट आहे. लोक एक महिना कुठूनही पाणी आणतात. मी बाईले म्हणलं, "हो जाही दाई." ते दोघी गेल्या. एसीतून बाहेर उन्हात जाताना सुनेनं एकदा वळून पायलं, मले नाही, एसीले.

जाताना मी त्याईले पाणी विचारलं का नाही, हे मले आठवत नाही. नसेलच विचारलं.

पुढच्या महिन्याचा चारशे सतराचा फॉर्म आला त मी खूश झालो. वाकडं चित्र नव्हतं. स्वच्छ आकडे, एका रेषेत. मी म्हणलं, वा दाई, कम्प्यूटरले पाहिजे तसं लिहायले शिकली. बोरिंग, दोन. टाकलं. जन्म, शून्य. टाकलं. मृत्यू, एक. टाकलं. बोटं चालूनच राहिली होती. यादी निघाली, चारशे सतरा सगळ्यात वर.

मिस्तरीच्या जीपमध्ये मीही बसलो. काही काम नव्हतं माहं. मले बाईले दाखवायचं होतं, पाहा, माह्यामुळे झालं. रस्ताभर मी एक जोक तयार करून राहिलो होतो.

बोरिंग दुरुस्त व्हायले एक तासही लागला नाही. आतलं चामड्याचं वायसर झिजलं होतं, हाताच्या तळव्याएवढी चकती. ते बदललं, चारदा हापसलं, पाणी आलं. पाऱ्यातल्या बाया हंडे घेऊन उभ्या राहिल्या. बाई आपल्या ओट्यावर बसून होती. मी तिच्याकडं गेलो न माहा जोक केला. "देख दाई, निकल गे न पानी मोर मशीन ले."

कोणी हसलं नाही. बाईनं मले ओळखायले वेळ लावला.

"बहू कहां हे?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हून.

बाजूले शाळेचे गुरुजी उभे होते, त्याईनं मले बाजूले घेऊन सांगतलं. डबरीचं, म्हणजे खड्ड्यात साचलेलं पाणी पिऊन पाऱ्यात हगवण लागली. बाकीचे वाचले. सून दोन दिवसात गेली. तेव्हापासून बाई लिहीत नाही, या वेळचा फॉर्म त्याईनंच भरून दिला.

मृत्यू, एक. तो आकडा मी माह्याच बोटानं टाकला होता, न स्पीड कमी केली नव्हती.

मी परत ओट्यापाशी गेलो. काहून गेलो माहीत नाही. बाई माह्याकडं न पाहता म्हणाली, "बहू कहत रिहिस, ओ बाबू ल पढ़े बर नइ आवय. मैं कहेंव, पगली, कम्प्यूटर चलाथे, पढ़े बर कइसे नइ आही."

मंग तिनं माह्याकडं पायलं. "आथे न?"

मी म्हणलं, "हव, आथे." न जीपमध्ये जाऊन बसलो.

पुढच्या मीटिंगमध्ये सायबानं चारशे सतरा पडद्यावर दाखवलं. यादी निघाली त्याच दिवशी काम पूर्ण, असं. टाळ्या वाजल्या. मले उभं केलं, मीही वाजवल्या. इंजिनियर नागपूरहून आला तेव्हा त्याले मात्र मी सांगतलं, सगळं, वाचता येत नाही इथून. तो म्हणाला, "बटन तं मीच बनवलं होतं, भाऊ." त्यानं ते बटन काढून टाकलं. सायबाले त्यानं काही सांगतलं नाही, न मी सांगावं असं माह्याही मनात नव्हतं. माही नोकरी राहिली. ऑफिस नव्या रायपूरले गेलं तरी राहिली. तिकडं रस्ते इतके रुंद का पलीकडं जाईपर्यंत माणूस म्हातारा होते, अन् बस कधी येईल ते बसलेच माहीत.

बाईनं बोट ठेवलेला तो फॉर्म मी गठ्ठ्यातून काढून घरी आणला होता. कोणाले सापडू नये म्हून, दुसरं काही कारण नव्हतं. ट्रंकेत दोन वर्षं पडून होता. तोपर्यंत माही पोरगी शाळेत जाऊ लागली, अन् मी तिच्या पुस्तकातून चोरून अक्षरं शिकलो. पहिले ब, मंग द. एका रविवारी मी फॉर्म काढला. खान्यातलं मोठं चित्र लगेच लागलं. बंद.

त्याच्या खाली बारीक, सरळ अक्षरात एक ओळ होती. ते मी सरपंचाचा शेरा समजत होतो. शेऱ्यासाठी सिस्टममध्ये जागाच नव्हती. बोट ठेवून ठेवून वाचायले मले अर्धा तास लागला असेल. डबरी के पानी पीयत हन. जल्दी मिस्तरी भेजव.

पोरगी मागून येऊन उभी राहिली. तिले मराठी समजते, बोलते हिंदीच. "पापा, किसने लिखा है? राइटिंग कितनी अच्छी है."

मी म्हणलं, "ऑफिसचं आहे." न घडी करून परत ठेवला.